घरी केलेली खेळणी आणि त्यांच्या पोटातले विज्ञान

मलप्रभातीर (धागा सुरू करणारे)

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि नोकरीतून निवृत्त झाल्यापासून शनिवारी दुपारी गावातील मुलांना आमच्या पडवीत जमवतो. त्यांतील काही मराठी शाळेत जातात, काही कानडी शाळेत, आणि एक-दोघे बसने बेळगावच्या इंग्रजी शाळेत. अभ्यास घेत नाही. आम्ही खेळणी करतो. विकतचा माल शक्यतो वापरायचा नाही, आणि खेळणे चालू लागले की ते कशामुळे चालते हे मुलांनी आपसात वाद घालून ठरवायचे, एवढाच तिथला नियम आहे.

जत्रेतून आणलेली प्लास्टिकची मोटार मुलाला हवी असते, यात गैर काही नाही. पण तिचे पोट बंद असते. ती बिघडली की कोपऱ्यात पडते, कारण आत काय आहे हे दिसतही नाही आणि दिसले तरी त्यात हात घालता येत नाही. घरी केलेल्या खेळण्याचे सगळे अवयव उघडे असतात. ते नीट चालले नाही तर कुठे अडले हे बोट ठेवून दाखवता येते, आणि माझ्या मते मुलाच्या तोंडून पहिला खरा ‘का’ तिथेच निघतो.

पावसाच्या सुरुवातीला आम्ही कोयीच्या पिपाण्या केल्या. उकिरड्यावर आंब्याच्या कोयींना कोंब फुटलेले असतात. त्यांतली एक उचलून वरचे कठीण कवच काढायचे, आतल्या जाड दलांचे टोक खडबडीत दगडावर पाणी टाकून तिरपे घासत राहायचे आणि दोन दलांमधील फट केसाएवढी उघडली की ओठांत धरून फुंकायचे. फट मोठी झाली तर नुसता वारा जातो आणि फारच बारीक राहिली तर गाल फुगतात, पण आवाज येत नाही. नेमकी जमली की दोन्ही दले हवेच्या झोताने उघडझाप करू लागतात आणि भसाडा का होईना, सूर निघतो. सनईच्या पत्तीत हेच घडते. लग्नात सनई वाजवणाऱ्या गावातील एका गृहस्थांनी मुलांना आपली पत्ती दाखवली, तेव्हा मुलांनी तिच्याकडे ओळखीच्या वस्तूकडे पाहावे तसे पाहिले.

माझी विनंती अशी आहे की, आपल्या भागात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून होणारी आणि ज्यांच्यामागे काही विचार करण्याजोगे आहे अशी खेळणी आपण येथे लिहावीत. कृती तपशिलाने लिहावी, म्हणजे वाचून करता येईल.

उद्यमबागवाला

गुरुजी, आमच्याकडे खेळण्यांचा कच्चा माल म्हणजे कारखान्यांचा भंगार. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री, लेथ आणि हायड्रॉलिक्सची कामे असल्यामुळे बाद झालेल्या बेअरिंगांना तोटा नव्हता. एका फळीला मागे दोन आणि पुढे एक बेअरिंग ठोकून, पुढच्या आडव्या दांड्याला दोरी बांधून आम्ही अनगोळच्या उतारावरून खाली येत असू. डांबरी रस्त्यावर तिचा जो खडखडाट होई, त्यामुळे दुपारी झोपलेली वडीलधारी मंडळी आमच्या नावाने खडे फोडत. लाकडी चाकाची गाडी त्याच उतारावर निम्म्यात थांबायची आणि बेअरिंगची गाडी सपाटीवरही पुढे जात राहायची. घसरण्याचे घर्षण आणि गोळ्या गडगडण्याचे घर्षण यांत केवढे अंतर असते, हे मला तंत्रशाळेत जाण्यापूर्वी गुडघे फोडून कळले होते.

आता लेथवर असतो, म्हणून उरलेल्या पितळी तुकड्यांचे भोवरे करतो. वजन कडेला ठेवावे, मधला भाग पोखरावा आणि टोक बारीक पण गोलसर ठेवावे. वजन तेवढेच, पण ते कडेला असले तर भोवरा अधिक वेळ टिकतो. अगदी अणकुचीदार टोक फरशी कोरते आणि लवकर थांबते.

लोलक

उद्यमबागवाला, लेथ हाताशी आहे तर उलटा होणारा भोवरा अवश्य करून पाहावा. लाकडी गोळ्याचा साधारण एक तृतीयांश भाग कापून टाकायचा आणि कापलेल्या सपाटीच्या मधोमध एक आखूड दांडी बसवायची. दांडीला धरून जोरात फिरवला की तो हळूहळू कलतो, दांडी जमिनीला टेकते आणि थोड्याच वेळात तो दांडीवर उभा राहून फिरू लागतो. म्हणजे जड बाजू आपण होऊन वर चढते. स्वीडनमधील लुंड येथे नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली हे दोघे नोबेल विजेते जमिनीकडे वाकून हाच भोवरा पाहत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

जड बाजू वर उचलायला लागणारी ऊर्जा भोवऱ्याच्या फिरण्यातूनच येते, म्हणून उलटा झाल्यावर त्याचा वेग कमी झालेला असतो. हे घडवून आणणारे बल म्हणजे टेकलेल्या बिंदूशी होणारे घसरणीचे घर्षण. एरवी घर्षण म्हणजे गतीचा शत्रू असे आपण शिकवतो, पण तेल लावलेल्या काचेवर हा भोवरा उलटा व्हायला फार कुरकुर करतो.

लेथ नसलेल्यांनी उकडलेले अंडे घ्यावे. आडवे ठेवून जोरात फिरवले की ते टोकावर उभे राहते. कच्चे अंडे राहत नाही, कारण आतला द्रव कवचाबरोबर फिरत नाही आणि वेग खाऊन टाकतो. उकडलेले अंडे का उभे राहते याचे गणित कीथ मोफॅट आणि युताका शिमोमुरा यांनी 2002 साली मांडले. इतकी साधी गोष्ट आणि तिचे नीट उत्तर एकविसाव्या शतकात मिळावे, याचा मला अजूनही आनंद होतो.

शहापूरची लेक

वरच्या प्रतिक्रिया वाचून एक गोष्ट लिहावीशी वाटली. गाडी, भोवरा, गलोल ही सगळी मुलग्यांची खेळणी झाली. आमच्या हातात सुरी किंवा हातोडी कोणी देत नसे, तरी आम्हीही काही कमी केले नाही. शहापूर, वडगाव, खासबाग हा मागवाल्यांचा भाग आहे. घरात सुताची रिळे, कांड्या आणि साडीचे कातरलेले काठ पडलेले असत. काठांच्या बाहुल्या होत आणि रिळांची गाडी होई.

रिळाच्या गाडीची कृती देते. रिळाच्या आरपार भोकातून रबर ओवावे. एका टोकाला काडीचा आखूड तुकडा अडकवून तो फिरणार नाही असा चिकटवावा. दुसऱ्या टोकाला मेणबत्तीची पातळ चकती भोक पाडून बसवावी आणि तिच्या बाहेर लांब काडी अडकवावी. लांब काडी फिरवून रबराला पीळ भरावा आणि गाडी जमिनीवर ठेवावी. मेणाची चकती मधे नसेल तर पीळ एकदम सुटतो किंवा अजिबात सुटत नाही. ती असली की काडी सावकाश घसरते आणि गाडी वहीच्या उतारावरही चढते. रिळाच्या कडांना खाचा पाडल्या तर पकड वाढते.

आणि सागरगोट्यांना खेळणे म्हणायचे की नाही? एक फूट उंच उडवलेला गोटा सुमारे अर्ध्या सेकंदात हातात परत येतो. तेवढ्यात खालचे गोटे उचलायचे असतात. चार उचलायची वेळ आली की मुली आपसूक गोटा उंच फेकतात. मात्र दुप्पट वेळ हवा असेल तर चौपट उंच फेकावा लागतो, म्हणजे चार फूट, आणि मग तो सरळ खाली येत नाही, भलतीकडे जातो. म्हणून चांगली खेळणारी मुलगी उंच फेकत नाही, हात जलद करते. माझ्या लेकीला गुरुत्वाकर्षणाचा धडा मी असाच समजावला.

मलप्रभातीर

ताई, सागरगोटे मला सुचलेच नसते. पुढच्या शनिवारी मुलींनी मुलग्यांना शिकवावे, असे ठरवतो.

गजग्याची, म्हणजे सागरगोट्याची, आणखी एक खोडी आहे, ती सगळ्यांना ठाऊक असेलच. फरशीवर खसाखसा घासून शेजाऱ्याच्या दंडाला टेकवला की तो किंचाळतो. हाताने केलेले काम उष्णतेत बदलते, याचा इतका झटपट पुरावा दुसरा नसेल.

कित्तूर रोड

धागा चांगला आहे, परंतु मी थोडा वेगळा सूर लावणार आहे, राग मानू नये. आम्ही खेळणी घरी केली, ती विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून. जोंधळ्याच्या ताटांची बैलगाडी करताना बोट चिरले की वरून मार मिळे. त्या दिवसांवर आज सोनेरी मुलामा चढवणे मला पटत नाही. शिवाय ‘मूल आपण होऊन विचार करते’ हेही सरसकट खरे नाही. आम्ही वर्षानुवर्षे भोवरा खेळलो, पण तो उभा का राहतो हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. पुढे कॉलेजात एका प्राध्यापकांनी विचारले, तेव्हा पडला. म्हणजे खेळण्याइतकाच विचारणारा माणूसही लागतो.

आजच्या मुलाला भिंग, चुंबक, तारा असलेली पेटी बाजारात मिळत असेल, तर ती आणावी. जुने ते सोने म्हणून मुलाला भंगारात बसवण्याची गरज नाही.

उद्यमबागवाला

भंगारात बसल्यामुळेच माझे पोट चालते आहे, साहेब.

लोलक

कित्तूर रोड यांचा मुद्दा रास्त आहे. विचारणारा माणूस हवाच, आणि गुरुजींच्या पडवीत तो आहे. तयार पेटीबद्दल मात्र माझे मत निराळे आहे. भिंग, चुंबक हे घरी करता येत नाहीत, ते विकतच आणावेत. पण पेटीतील तयार वस्तूंचे सगळे भाग मापात कापलेले असतात, भोके जागेवर पडलेली असतात. सूचनेप्रमाणे जोडले की वस्तू चालते आणि प्रश्न संपतो. ताईंच्या रिळाच्या गाडीत मेणाची चकती का हवी, हे ती न घातल्याशिवाय कळत नाही, आणि पेटीत ती न घालण्याची मुभाच नसते.

या बाबतीत अरविंद गुप्ता यांचे काम आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले हे अभियंते 1978 मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाकडे गेले आणि तेथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांपासून त्यांनी सांगाडे उभे केले. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी शेकडो खेळणी केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काड्यांचा त्रिकोण दाबला तरी मोडत नाही आणि चौकोन लगेच कलतो, एवढे पाहिले की छपराच्या कैच्यांत त्रिकोण का असतात हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्यांच्यामुळे सर्वत्र पोहोचलेली एक मोटार येथे देतो. एक मोठा सेल घ्यावा. त्याच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबच्या रबरी पट्टीने एकेक सेफ्टी पिन उभी दाबून बसवावी. सेलच्या पाठीवर लहान चुंबक ठेवावा. इनॅमल तारेचे, म्हणजे वार्निशचा थर दिलेल्या तारेचे, दहाएक वेढे देऊन गुंडाळी करावी, तिची दोन टोके समोरासमोर बाहेर काढावीत आणि ती पिनांच्या भोकांत ओवावीत. येथे खरी गंमत आहे. एका टोकावरचे वार्निश सगळीकडून खरवडायचे, पण दुसऱ्या टोकावरचे, गुंडाळी उभी धरून, फक्त वरच्या अर्ध्या भागाचे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर अर्धा फेरा झाल्यावर बल उलट दिशेने लागते आणि गुंडाळी नुसती हेलकावत राहते. अर्धा भाग झाकलेला असला की त्या काळात वीज बंद होते आणि गुंडाळी आपल्या वेगाने उरलेला फेरा पुरा करते. गुंडाळी थांबलेल्या अवस्थेत जोडणी तशीच ठेवू नये, सेल तापतो.

घटप्रभा

मी गोकाकचा. आमच्या गावची लाकडी रंगीत खेळणी आणि फळे प्रसिद्ध आहेत, पण ती दिवाणखान्यात ठेवायची. खेळायला आम्ही सोड्याच्या बाटलीचे झाकण ठोकून सपाट करायचो, त्याला मधोमध दोन भोके पाडून दोरा ओवायचो आणि दोन्ही हातांनी ताणून सोडून भिंगरी फिरवायचो. तिची घुंईऽऽ अजून कानात आहे. या भिंगरीबद्दल मध्यंतरी काहीतरी मोठी बातमी आली होती, ती कोणाला माहीत आहे का?

लोलक

ती बातमी 2017 ची. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तत्त्वावर कागदी चकतीचे एक यंत्र केले, ज्यात रक्ताची बारीक नळी बसवून हाताने फिरवता येते. त्यांनी मिनिटाला 1,25,000 फेऱ्यांपर्यंत वेग मिळवला, आणि दीड मिनिटात रक्तातील द्रव वेगळा झाला. वीज नसलेल्या दवाखान्यात हे काम एरवी अशक्यच, कारण रक्त वेगळे करणारे यंत्र महाग आणि विजेवर चालणारे असते. ही चकती अवघ्या 20 सेंटमध्ये होते.

दोरा ताणला की पीळ सुटतो आणि चकती गरगर फिरते; पीळ संपला तरी ती थांबत नाही, स्वतःच्या जोरावर दोऱ्याला उलटा पीळ भरते. नेमक्या त्या क्षणी हात सैल सोडायचे असतात. ही वेळ कोणी कोणाला शिकवू शकत नाही, ती हातालाच कळते. मुलांसाठी पत्र्याचे झाकण नको. त्याची कड दोरा तुटल्यावर चेहऱ्यावर येते. करवंटीची घासलेली चकती किंवा कोटाचे मोठे बटण बरे.

निपाणीचा नाका

चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत पत्र्याची एक होडी मिळत असे. आत तेलाची वात लावायची आणि परातीतल्या पाण्यात सोडायची, की ती फटफट करत फिरायची. ती घरी करता येईल का? आमचे वडील सांगत की आतले पाणी उकळून वाफ मागून बाहेर पडते आणि ती होडीला ढकलते.

लोलक

करता येते. पण वाफ बाहेर पडत नाही, हे नीट पाहण्यासारखे आहे. होडीतील चपट्या डबीत पाणी असते आणि तिच्या दोन नळ्या मागे पाण्याखाली उघडतात. वातीने डबीतील थोड्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतील पाणी झोताने मागे फेकते. ती वाफ नळीच्या थंड भागात पोहोचली की पुन्हा पाणी होते, आत दाब कमी पडतो आणि बाहेरचे पाणी परत आत ओढले जाते. हे एका सेकंदात अनेकदा घडते आणि डबीचा पातळ पत्रा आत-बाहेर होतो, त्याचाच फटफट आवाज. या होडीचे पेटंट तोमा पिओ यांनी 1891 मध्ये इंग्लंडमध्ये घेतले होते.

कित्तूर रोड

मग एक शंका. पाणी जेवढे बाहेर जाते तेवढेच आत येते. बाहेर जाताना होडी पुढे ढकलली गेली, तर आत येताना ती तेवढीच मागे यायला हवी. होडी जागच्या जागी डुलत राहायला हवी. ती पुढे का जाते?

लोलक

याला म्हणतात प्रश्न! साहेब, मघाशी आपण म्हणालात तो विचारणारा माणूस आपणच निघालात.

मेणबत्ती पेटवून हातभर अंतरावरून फुंका, ती विझते. आता तेवढ्याच अंतरावरून श्वास जोराने आत ओढा. ज्योत हलतही नाही, कारण फुंकलेली हवा एका रेषेत जाते आणि ओढलेली हवा सगळ्या बाजूंनी येते. होडीच्या नळ्यांशी तेच होते. मागे फेकलेले पाणी झोत बनून निघून जाते. आत येणारे पाणी चहूकडून गोळा होते, आणि आत शिरल्यावर त्याला जो पुढचा वेग मिळतो, तो डबीत थांबताना ते होडीलाच परत देते. म्हणून फेकण्याचा धक्का शिल्लक राहतो, ओढण्याचा जवळजवळ राहत नाही.

घरी करायची सोपी रीत अशी की, फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडून बारीक तांब्याची नळी घ्यावी, तिच्यात बारीक वाळू भरून पेन्सिलीभोवती दोन वेढे द्यावेत म्हणजे ती चेपत नाही, मग वाळू झटकून काढावी. वेढ्यांखाली मेणबत्ती आणि दोन्ही टोके थर्माकोलच्या होडीमागे पाण्याखाली. आधी नळी पाण्याने पूर्ण भरून घ्यावी. हिच्यात पत्रा नसल्यामुळे आवाज येत नाही, पण चालते झकास. दिवा लावताना मोठे माणूस शेजारी हवे, हे वेगळे सांगायला नको.

शहापूरची लेक

बांधावरच्या मोगली एरंडाचे फुगे कोणीच कसे लिहिले नाहीत? पानाचा देठ मोडला की चीक येतो. गवताच्या काडीचा फास करून तो चिकात बुडवायचा आणि हळूच फुंकायचे. साबणाच्या फुग्यासारखे फुगे निघतात. त्या चिकात सॅपोनिन हे फेस आणणारे द्रव्य असते, ते पाण्याचा पृष्ठताण कमी करते, रिठ्यातही तेच. फास उभा धरून थांबले तर पडद्यावर रंगांचे आडवे पट्टे खाली सरकताना दिसतात आणि फुटण्याच्या आधी सगळ्यात वरचा भाग काळा होतो, जणू तिथे भोक पडले आहे. तिथे पडदा इतका पातळ झालेला असतो की त्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतलेला प्रकाश एकमेकांना पुसून टाकतो. मुलांना मी नेहमी तो काळा भाग पाहायला सांगते, कारण रंग तर सगळेच पाहतात.

चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि त्या झाडाच्या बिया विषारी असतात, त्या कोणी तोंडात घालू नयेत.

निपाणीचा नाका

माझ्याकडून एक जुनी गोष्ट. आकाशवाणीचे धारवाड केंद्र 1950 च्या जानेवारीत सुरू झाले आणि 765 किलोहर्ट्झवर ते आपल्या सगळ्या भागात ऐकू येई. ते ऐकायला आम्ही घरीच रेडिओ केला. पावडरच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर इनॅमल तारेचे वेढे दिले, जुन्या रेडिओतला स्टेशन लावण्याचा गँग कंडेन्सर जोडला, जर्मेनियमचा एक डायोड आणि कानाला लावायचा हेडफोन. परसातून आंब्यापर्यंत एरियलची तार आणि बोअरच्या पाइपला अर्थिंगची तार. सेल नाही, वीज नाही, तरी गाणे ऐकू येई. ते चालवणारी शक्ती थेट त्या लहरींतून येई. डायोड जर्मेनियमचाच हवा, कारण सिलिकॉनचा डायोड वाट उघडायला साधारण अर्ध्या व्होल्टहून जास्त मागतो आणि तारेवर येणारा संकेत त्यामानाने फारच दुबळा असतो.

मलप्रभातीर

सर्वांचे आभार. होडी आणि मोटार तर करूच. याच धाग्यावरच्या मंडळींनी मिळून करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. बेळगावचा अक्षांश सुमारे 15.85 आहे, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस असा येतो की माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या काठीला सावली नसते. ऑगस्टातही येतो, पण खानापुरात ऑगस्टात सूर्य पाहायचा कोणी! खानापूर आणि निपाणी यांच्या अक्षांशांत सुमारे पाऊण अंशाचा फरक आहे, म्हणून खानापूरनंतर दोन-तीन दिवसांनी निपाणीला हा योग येतो. एकाच दिवशी दोन्ही ठिकाणी सावली मोजली, तर त्या फरकावरून आणि दोन गावांमधील उत्तर-दक्षिण अंतरावरून पृथ्वीचा घेर काढता येईल. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया आणि सायीनी या गावांच्या आधारे हेच केले होते. त्याला 7.2 अंशांचा फरक मिळाला होता, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग.

आपल्याकडे माध्यान्ह घड्याळात बाराला होत नाही. मेच्या सुरुवातीला ती साडेबाराच्या सुमारास होते. निपाणीचे काम कोण घेईल?

निपाणीचा नाका

मी घेतो. एक मीटरची काठी पुरेल का?

लोलक

थांबा. एक मीटरच्या काठीला पाऊण अंशाचा फरक म्हणजे जेमतेम 13 मिलिमीटर. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे, म्हणून तेवढ्या काठीच्या सावलीची कड सुमारे 9 मिलिमीटर धूसर असते. कुठे संपली हे सांगता येणार नाही. आणि मोजणीत एक मिलिमीटर चुकला, तर पृथ्वीचा घेर तीन हजार किलोमीटरने चुकेल.

काठीऐवजी छिद्र वापरा. पुठ्ठ्याला दाभणाने भोक पाडून तो उंचावर आडवा बसवला की खाली सूर्याची गोल प्रतिमा पडते आणि तिचा मध्य नेमका खुणावता येतो. छिद्राखालचा बिंदू ओळंब्याने घ्यावा. हम्पीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी प्रतिमा भिंतीवर पडते, तीही अशाच छिद्रातून.

उद्यमबागवाला

मग पुठ्ठा तरी कशाला? गुरुजींच्या पडवीला कौले असतील. एक कौल जरा सरकवा आणि भोकाचा पत्रा तिथे ठेवा. चार मीटरची उंची मिळाली तर फरक पाच सेंटिमीटरचा होतो आणि कवडसा साडेतीन-चार सेंटिमीटरचा गोल पडतो. दोन्ही ठिकाणी सारखेच भोक हवे म्हणून पत्रे मी ड्रिल करून देतो, तीन मिलिमीटरचे. ओळंबे गवंड्याकडून घ्या.

निपाणीचा नाका

आमचे घर स्लॅबचे आहे. जिन्याच्या वरच्या खिडकीतून जमते का ते या रविवारी मापून सांगतो.